जनावरांसकट शेतावर राहायला जाताना: आधी काय, मग काय

शेतावर राहायला जायचं ठरलं की सगळा वेळ घराच्या डागडुजीत जातो आणि जनावरं मात्र पहिल्याच गाडीतून येऊन उतरतात. हा क्रम उलटा हवा. माणसं महिनाभर गळक्या छपराखाली काढतील; शेळी मोडक्या कुंपणाआड तासभरही थांबणार नाही. म्हणून आधी पाणी, मग कुंपण, निवारा आणि चारा, त्यानंतर माणसं, आणि जनावरं सर्वांत शेवटी. माणसांनी निदान दोन-तीन आठवडे आधी मुक्काम हलवावा. वारा कुठल्या बाजूने येतो, पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचतं, रात्री आवारातून कोण फिरतं, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि गोठ्याची जागा ठरवायला नेमकं हेच कळायला लागतं.

पाणी मोजून घ्या

"विहिरीला भरपूर पाणी आहे" हे मोजमाप नव्हे. दुभती गाय दिवसाला साधारण 60 ते 100 लिटर पाणी पिते, भाकड गाय 30 ते 50, घोडा 30 ते 45, शेळी 5 ते 10, आणि कोंबडी पाव लिटरच्या आसपास. कडक उन्हात यातला प्रत्येक आकडा वर सरकतो. एक दुभती गाय, एक भाकड, पाच शेळ्या आणि पंधरा कोंबड्या धरल्या तर मधले आकडे घेऊन पिण्याचंच रोज साधारण 165 लिटर होतं. गोठा धुवायला 100 आणि चार माणसांना माणशी 100 धरले की बेरीज 665 वर जाते. पंप बिघडला तर दुरुस्तीला तीन दिवस लागू शकतात, म्हणजे 2,000 लिटरची टाकी ही चैन नाही, ती किमान गरज आहे.

पाण्याची आवक बादली आणि घड्याळाने मोजता येते. 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर. पण हे पहिल्या काही मिनिटांचं, आधी साठलेलं पाणी असतं. पंप सलग दोन-तीन तास चालवा आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. शेवटचा आकडा खरा. ही चाचणी वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात करावी. त्याच वेळी पाणी प्रयोगशाळेत देऊन जिवाणू, नायट्रेट आणि क्षार तपासून घ्या. घरात तान्हं मूल असेल तर नायट्रेटकडे विशेष लक्ष हवं, कारण पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट घट्ट होतं.

पिण्याची टाकी गाईंसाठी साधारण 60 सेंटिमीटर उंच ठेवतात, शेळ्यांसाठी त्याच्या निम्मी. टाकीला तळाशी पाणी सोडायला बूच हवं, नाहीतर ती कधीच धुतली जात नाही. भोवती दीड-दोन मीटर मुरूम किंवा दगड अंथरा. सतत चिखलात उभं राहून खूर कुजतात. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या झडपेवर लोखंडी पेटी बसवा, नाहीतर गाय ती खेळणं समजते.

कुंपण

सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त पश्चात्ताप इथे असतो. नियम एकच: कुंपण शेळीसाठी बांधा, म्हणजे बाकी सगळी आपोआप आत राहतात. उंची किमान 120 सेंटिमीटर. उड्या मारणारा बोकड असेल तर 150. जाळी घेताना चौकोनाचं माप बघा. 15 सेंटिमीटरच्या चौकोनातून शिंगांची शेळी डोकं बाहेर काढते, पण परत आत घेताना शिंगं अडकतात, आणि तशा अडकलेल्या शेळीला भटकी कुत्री गाठतात. 10 सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक चौकोन घ्यावा. सांधे वितळवून जोडलेली जाळी शेळ्या पुढचे पाय टेकवून उभ्या राहिल्या की वाकते आणि सांध्यांत तुटते. विणलेली जाळी महाग पडते पण टिकते.

कुंपण कोपऱ्यात हरतं. मधले डांब फक्त जाळी उभी धरतात, तारेचा ताण कोपऱ्यांवर येतो. कोपऱ्याचा डांब लांबीच्या एक तृतीयांश जमिनीत हवा, म्हणजे 2.4 मीटरचा डांब 80 सेंटिमीटर खोल, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरका टेकू. मधले डांब तीन ते चार मीटरवर. जाळी जमिनीला टेकलेली असावी. खाली वीतभर फट राहिली तर करडं तिथूनच निघतात. ओढा किंवा ओघळ कुंपण ओलांडतो तिथे जाळी सरळ नेऊ नका, पुरात पूर्ण ओळ ओढली जाईल. तिथे वरून साखळीने लोंबणारं, पाण्याबरोबर झुलणारं वेगळं फाटक टांगा.

आतल्या बाजूने, जमिनीपासून फूटभर उंचीवर एक विद्युत तार नेली तर जनावरं जाळीला अंग घासायचं सोडतात. शेळ्यांसाठी तारेत 4,000 व्होल्टच्या वर दाब हवा, आणि तो यंत्राजवळ नव्हे तर कुंपणाच्या सर्वांत लांबच्या टोकाला मोजायचा. दाब कमी भरला की लोक यंत्र बदलतात. दोष बहुधा अर्थिंगचा असतो: जस्ताचा मुलामा दिलेल्या, 1.8 मीटर लांबीच्या किमान तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, पूर्ण ठोकलेल्या हव्यात. कोरड्या मातीत सळया वाढवाव्या लागतात. दुसरा दोष तारेला टेकलेल्या गवताचा. काटेरी तारेत वीज सोडू नये. अडकलेलं जनावर सुटू शकत नाही आणि झटके खात राहतं. यंत्र कुंपणासाठीच बनवलेलं हवं. घरातली वीज थेट तारेत सोडणं म्हणजे माणसांचा जीव घेणं.

फाटक चाऱ्याची गाडी वळेल इतकं, म्हणजे साडेतीन ते चार मीटर रुंद ठेवा. वरच्या बिजागरीची खुंटी उलटी, खाली तोंड करून बसवा, म्हणजे गाय शिंगाने फाटक उचलून काढू शकणार नाही. साधी कडी शेळी ओठांनी उघडते. कडीला पिन असलेली साखळी जोडा.

निवारा

गोठा घरापासून पंधरा-वीस मीटरवर, उंचवट्यावर, आणि वारा घराकडून गोठ्याकडे वाहील अशा बाजूला. विहिरीपासून गोठा आणि उकिरडा दोन्ही किमान 30 मीटर लांब, आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला. छपराखाली गाईला 3.5 ते 4 चौरस मीटर आणि मोकळ्यात त्याच्या दुप्पट जागा लागते. शेळीला छपराखाली 1 ते 1.5 चौरस मीटर पुरते. गव्हाणीची लांबी गाईमागे 60 ते 75 सेंटिमीटर, शेळीमागे 30 ते 40. याहून कमी दिली तर दांडगी जनावरं खातात आणि दुबळी बघत राहतात.

जमिनीला मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतार द्या. गुळगुळीत सिमेंट घालू नका. घसरून फाकलेल्या मागच्या पायांची गाय बहुधा पुन्हा उठत नाही. सिमेंट ओलं असतानाच त्यात आडवे-तिरपे चर ओढून घ्या. हवा खेळती आहे की नाही हे पाहायला पहाटे गोठ्यात जाऊन जनावराच्या नाकाच्या उंचीवर वाका; डोळे चुरचुरले तर अमोनिया साठतोय, आणि खिडक्या कमी आहेत.

खुराड्याची जाळी 12 मिलिमीटर चौकोनाची, जाड तारेची हवी. षटकोनी पातळ जाळी कोंबड्या आत ठेवते, पण कुत्रा किंवा मुंगूस बाहेर ठेवत नाही. जाळी तळाशी बाहेरच्या बाजूला वळवून 30 ते 45 सेंटिमीटर जमिनीवर पसरा आणि मातीने झाका; उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरतं आणि जाळीवर येऊन थांबतं. बसायची दांडी पक्ष्यामागे 20 सेंटिमीटर. अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खाली ठेवा. वर ठेवली तर कोंबड्या खोक्यांतच झोपतात आणि अंडी विष्ठेने बरबटतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं पुरे.

आजारी किंवा नव्या जनावरासाठी, मुख्य गोठ्यापासून निदान दहा मीटरवर एक छोटा आडोसा आताच बांधा. त्याची बादली, झाडू आणि दोर वेगळे. हे काम "नंतर करू" म्हणून राहतं, आणि गरज पडते तेव्हा रात्र असते.

चारा: वर्षाचा हिशेब

400 किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा अंश लागतो. हिरव्या चाऱ्यात पाणीच फार असतं. 25 किलो हिरव्यातून जेमतेम 5 किलो कोरडा अंश मिळतो. उरलेला सुक्या चाऱ्यातून आणि खुराकातून. सुका चारा रोज 5 किलो धरला तर वर्षाला 1,825 किलो, आणि नासधूस धरून दोन टनांच्या वर साठवण हवी. हे एका गाईचं. ही बेरीज कागदावर मांडल्याशिवाय जनावरांची संख्या ठरवू नका. पहिल्या वर्षी जमीन किती चारा देईल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच जास्त असतो.

जुन्या ठिकाणचा निदान दोन आठवड्यांचा चारा सोबत न्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला तर अपचन, हगवण आणि दुधात घट होते. पहिले तीन दिवस चौथाई नवा, मग निम्मा, मग तीन चौथाई, असं करत दहा ते चौदा दिवसांत पूर्ण बदला. दाण्याची कोठी कुलपात ठेवा. शेळी एका रात्रीत दाण्याच्या पोत्यावर ताव मारते आणि पोटात आम्ल वाढून दोन दिवसांत दगावू शकते.

प्रत्येकाचा खुराक वेगळा ठेवा, हे केवळ काटकसरीचं नाही. गाई-शेळ्यांच्या खनिज मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून तिला मारतं. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध घातलेलं असतं; घोड्याला ते थोडंही घातक ठरतं. पोत्यावरचा मजकूर वाचा.

जमीन चाळून काढा

जनावरं सोडण्याआधी सगळे बांध आणि कोपरे पायी फिरा, हातात पोतं घेऊन. खिळे, तारेचे तुकडे, प्लास्टिक, जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे उचला. बॅटरीतलं शिसं गुरं चाटतात, विशेषतः वासरं, आणि थोड्या शिशानेही विषबाधा होते. गाईने गिळलेली तार पोटातून थेट हृदयाकडे घुसू शकते. कण्हेर आणि एरंड जनावरांच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका. घाणेरी मुळासकट काढा. गुडघ्याएवढ्या किंवा दुष्काळात खुरटलेल्या ज्वारीत चरायला सोडू नका, तिच्यातून सायनाइड तयार होतं. आधीच्या मालकाला मेलेली जनावरं कुठे पुरली ते स्पष्ट विचारा, आणि ती जागा न उकरता कुंपणाबाहेर ठेवा. फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात.

नेण्याची तयारी आणि प्रवास

लसीकरण निघण्याच्या तीन आठवडे आधी उरकून घ्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार, कुत्र्या-मांजरांना रेबीज. नव्या भागात काय लागतं ते तिथल्याच पशुवैद्याला विचारा. जनावर एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला आरोग्य दाखला लागतो का, हेही तेव्हाच विचारून घ्या. गाय गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात आणि शेळी शेवटच्या पंधरवड्यात हलवू नये. एकतर आधी न्या, नाहीतर व्याल्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

गाडीच्या तळाशी पाच सेंटिमीटर वाळू आणि वर पेंढा. गाई आणि शेळ्यांमध्ये भक्कम आडवी फळी. दावं ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधा, कारण पडलेल्या जनावराचा गळा आवळला गेला तर गाठ सोडायला वेळ नसतो. निघण्याआधी सुका चारा आणि पाणी द्या, दाणा देऊ नका. कोंबड्या रात्री, अंधारात पकडा, भांडण होत नाही, आणि हवेशीर खोक्यांत न्या. गाडी उन्हात उभी ठेवू नका. चालत्या गाडीत वारा लागतो, थांबलेल्या गाडीत काही मिनिटांत कोंबड्या गुदमरतात. शक्य तेवढ्या सकाळी पोहोचा, म्हणजे जनावरांना नवी जागा उजेडात दिसेल.

उतरवल्यावर आधी पाणी. नव्या पाण्याची चव वेगळी लागते आणि काही जनावरं तोंड लावत नाहीत. जुन्या ठिकाणचे दोन-तीन ड्रम आणून ते पाणी पहिले काही दिवस मिसळून द्या. मग सुका चारा. खुराक दुसऱ्या दिवशी.

पहिले दोन आठवडे

सगळ्यांना एकदम मोकळं सोडायचा मोह होतो, तो आवरा. गाई दोन-तीन दिवस गोठ्यालगतच्या छोट्या आवारातच ठेवा, मग दिवसा थोडा वेळ कुरणात. दूध काही दिवस कमी होईल. ते सरावल्यावर येतं, म्हणून लगेच पेंड वाढवू नका. शेळ्या चार-पाच दिवस आवारात, आणि विद्युत कुंपणाची ओळख त्याच लहान जागेत करून द्या. मोठ्या कुरणात पहिला झटका बसलेली शेळी पुढे पळते आणि तार तोडते. लहान जागेत ती मागे सरकायला शिकते. घोड्याला दिवसाउजेडी हाताने धरून सगळ्या कुंपणाच्या कडेने फिरवा. कोंबड्या खुराड्यात पाच ते सात दिवस बंद ठेवल्या की संध्याकाळी आपणहून परततात. मांजर तीन-चार आठवडे घरात ठेवा, नाहीतर ते जुन्या घराच्या दिशेने निघतं. कुत्रा पहिले दोन आठवडे दोरीवर, आणि कोंबड्यांसमोर त्यानंतरही कोणी सोबत असतानाच.

कळपातलं जनावर एकटं ठेवू नका. एकटी शेळी दिवसभर ओरडते, कुंपणावर धडका देते आणि खात नाही. आणि बाहेरून विकत घेतलेलं कोणतंही नवं जनावर, कितीही तंदुरुस्त दिसत असलं तरी, तीन ते चार आठवडे त्या आडोशातच. त्या काळात लेंड्या किंवा शेण तपासून जंतांचं औषध द्या आणि गाई-शेळ्यांची सांसर्गिक गर्भपाताची तपासणी करून घ्या. आडोशातलं काम दिवसाच्या शेवटी करा, आधी नाही.

चराई गवत मुळापासून खुडेपर्यंत चालू देऊ नये. जंतांच्या अळ्या बहुतेक खालच्या पाच सेंटिमीटर गवतात असतात. कुरणाचे तुकडे पाडून फिरवत राहा. शेळ्यांच्या पापणीचा आतला भाग दर दोन आठवड्यांनी पाहा. गुलाबी ठीक, पांढुरका म्हणजे रक्त पिणारे जंत.

माणसांची बाजू

मुलांना तीन नियम आधी सांगा: पिलू असलेल्या आईजवळ एकट्याने जायचं नाही, बैल-बोकडाकडे पाठ करायची नाही, आणि जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. दूध उकळूनच प्यायचं. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद पुरतात, पण घरी तेवढं अचूक मोजणं कठीण, म्हणून सरळ उकळी आणा. घरातल्या सगळ्यांची धनुर्वाताची लस चालू आहे का बघा. विहीर, हौद, शेणाचा खड्डा यांना झाकण हवं. बंद शेणखड्ड्यात पडलेल्याला काढायला कोणी आत उतरू नये. तिथल्या वायूने वाचवायला गेलेलाही दगावतो.

गोठ्याच्या भिंतीवर एक पाटी लावा: पशुवैद्याचा क्रमांक, प्रत्येक जनावराचं वजन, आणि नेहमीचं तापमान. गाय 38 ते 39.3 अंश सेल्सिअस, शेळी 38.5 ते 40, घोडा 37.2 ते 38.3. पाटीखाली तापमापक टांगलेला. रोज चारा टाकताना चार गोष्टी बघायच्या: खायला आलं का, रवंथ करतंय का, शेण नेहमीसारखं आहे का, आणि कोण बाजूला उभं आहे. डाव्या कुशीत फुगवटा आणि श्वासाची धाप म्हणजे पोटफुगी. त्यात थांबून पाहायचं नसतं, पशुवैद्याला लगेच फोन करायचा.

महिन्याभरात शेजाऱ्यांपैकी किंवा नातलगांपैकी एकाला दोन दिवस सोबत घेऊन सगळं काम शिकवा: कोणाला किती, कुठल्या डब्यातून, कुठलं फाटक आधी. त्यानंतर तो एकटा करील आणि तुम्ही नुसतं बघाल असा एक दिवस ठेवा. जिथे तो थबकतो आणि विचारतो, ते पाटीवर लिहा.